येळवस : एका दिवसाची कोप



गळिताचा हंगाम ऐन भरात आलेला असतो. गव्हाणीपुढे गाड्यांची रांग असते, चिटबॉय तोडीच्या चिठ्ठ्या घेऊन वाडी-वस्तीवर फिरत असतो, आणि ज्याच्या उसाला अजून तोड आली नाही तो सभासद गट ऑफिसात दिवसाआड चक्कर मारत असतो. अशा धांदलीत मार्गशीर्षाची अमावस्या येते. त्या एका दिवशी आपल्या भागातला शेतकरी तोड, टनेज आणि पहिला हप्ता हे सगळे बाजूला ठेवून बायकापोरांसह शेतात जाऊन बसतो. गावे ओस पडतात. धाराशिव आणि लातूरच्या भर बाजारपेठेत दुपारी शुकशुकाट असतो. ज्यांना स्वतःचे शेत नाही ते मित्राच्या, सोयऱ्याच्या, नाहीतर शेजाऱ्याच्या शेतात जातात. त्या दिवशी उपाशी राहायचे म्हटले तरी कोणी राहू देत नाही.

हीच आपली वेळा अमावस्या. पंचांगात तिला दर्शवेळा अमावस्या म्हणतात. आपण साध्या बोलीत येळवस म्हणतो. इंग्रजी तारखेने ती डिसेंबरात किंवा जानेवारीत पडते. २०२४ सालात तर ती दोनदा आली, ११ जानेवारीला आणि पुन्हा ३० डिसेंबरला.

मागच्या येळवशीला आम्ही तिघे, म्हणजे वार्तापत्राचे काम पाहणारे दोघे आणि शेतकी खात्यातले एक सहकारी, तेरणाकाठच्या एका सभासदाच्या शेतावर गेलो होतो. सणाला जाणे हा हेतू होताच. शिवाय येळवशीला लागणाऱ्या वस्तू आता कोण करतो, कशा करतो आणि त्याचे पोट त्यावर भरते का, हेही पाहायचे होते. घरच्या मंडळींनी "आमचं नाव छापू नका, सण काय आमच्या एकट्याचा हाय व्हय?" असे बजावले, म्हणून नाव देत नाही.

सण कुठला, कोणाचा

येळवस साऱ्या महाराष्ट्राचा सण नव्हे. धाराशिव आणि लातूर जिल्हे, बीड-सोलापूरची काही गावे, आणि सीमेपलीकडे बीदर व कलबुर्गीचा मुलूख हा तिचा मुख्य पसारा. याचे कारण जुन्या नकाशात सापडते. यातला बहुतेक भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झाले. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बीदर-गुलबर्गा तिकडे गेले आणि बीदर जिल्ह्यातले निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तालुके आपल्याकडे आले. १९८२ साली आपल्यातून लातूर जिल्हा वेगळा निघाला. २०२३ साली उस्मानाबादचे धाराशिव झाले. हद्दी बदलल्या, पाट्या बदलल्या, येळवस मात्र सगळीकडे त्याच दिवशी येत राहिली.

नावाचे मूळही कानडीत सांगतात. कोणी म्हणतात कानडी 'एळ्ळु' म्हणजे तीळ, त्यावरून हे नाव पडले. कोणी म्हणतात 'एळु' म्हणजे सात, म्हणून ही सातवी अमावस्या. जुन्या बायकांना या वादाशी काही घेणे नाही. त्या म्हणतात, ज्वारी पोटऱ्यात येते, हरभऱ्याला घाटे धरतात, तुरी भरतात, म्हणजे काळी आई गर्भार असते. मग तिचे डोहाळे पुरवायला नकोत?

आम्हाला हे कारण सर्वांत पटले.

आठ दिवस आधीची लगबग

येळवस शेतात साजरी होते, पण तिची तयारी कारागिराच्या दारात सुरू होते. निदान पूर्वी होत असे.

पहिला मान कुंभाराचा. आंबील मातीच्या भांड्यातच हवी. ज्वारीचे पीठ ताकात भिजवून आंबवायचे, शिजवायचे, लसूण, आले, कोथिंबीर घालायची आणि नव्या बिंदगीत भरून ठेवायची. माती पाझरते, त्या पाझराने आंबील गार राहते आणि तिला वासही त्या मातीचा येतो. आम्ही आठवडी बाजारात एका कुंभार आज्जींपाशी बसलो. त्यांच्यापुढे बिंदग्या, येळण्या, बोळकी आणि पणत्या मांडलेल्या होत्या. बिंदगी बोटाने टिचकी मारून घ्यायची, खणखणली तर पक्की भाजलेली, बद्द वाजली तर कच्ची किंवा चिरलेली, हे त्यांनी आम्हाला शिकवले. कुंभार चाकावर भांड्याचा गळा आणि आकार काढतो, पण पोट चाकावर होत नाही. भांडे थोडे सुकले की आतून दगडी गोळ्याचा आधार देऊन बाहेरून लाकडी थापटण्याने हलके हलके ठोकत फुगवावे लागते. मग आवा रचायचा. खाली गोवऱ्या आणि पाचट, मध्ये भांडी, वर राख-माती. रात्रभरात आवा भाजतो. मध्येच पावसाची सर आली की महिन्याची मेहनत मातीत जाते.

"मातीच मिळंना आता," आज्जी म्हणाल्या. "तळ्याचा गाळ समदा शेतात पडायलाय. आन् पोरगं म्हणतंय, येळवशीला दोन दिस धंदा, बाकी साल काय करू?"

हे बोल कानाआड करण्यासारखे नाहीत, कारण आपला मुलूखच कुंभाराच्या नावाने ओळखला जातो. संत गोरोबाकाका तेरचे. त्यांची समाधी तेरणेच्या काठी आहे. तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवास-व्यापार ग्रंथात या गावाचा उल्लेख आहे. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर हे मोठे गाव आहे आणि इथले जाडेभरडे व तलम कापड गाड्यांतून भडोचच्या बंदराला जाते, असे त्यात लिहिले आहे. म्हणजे विणकर, सुतार आणि गाडीवान यांच्या जिवावर आपले गाव रोमच्या व्यापारात उभे होते. त्या काळची मातीची भांडी, मृण्मय बाहुल्या, मणी आणि शंखाच्या बांगड्या तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात पाहायला मिळतात. ज्या सभासदांनी ते पाहिले नसेल त्यांनी पोरांना घेऊन एकदा जरूर जावे.

कुंभारानंतर बुरूड. नैवेद्य, भाकरी, भाज्या डोक्यावरून शेतात न्यायला दुरडी लागते, धान्य पाखडायला सूप लागते. बांबू चिरून त्याच्या कामट्या काढायच्या, त्या भिजवायच्या आणि मग विणायच्या. हात कापतात, पण वीण सैल होऊ द्यायची नाही. बाजारात प्लॅस्टिकच्या पाट्यांचा ढीग होता आणि बुरडाच्या चार दुरड्या एका कोपऱ्यात होत्या. घोंगडी मात्र कुठेच दिसली नाही. आंबिलीची बिंदगी डोक्यावर घेताना घरधनी घोंगडी पांघरतो अशी रीत आहे. मेंढीच्या लोकरीची, चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी पावसातही पाणी आत येऊ देत नसे. आमच्या यजमानांच्या घरी आजोबांच्या वेळची एक शिल्लक आहे. ती वर्षभर पेटीत असते आणि येळवशीला बाहेर निघते.

शेतावर

आम्ही दहाच्या सुमारास शेतात पोचलो. बांधावरूनच हाक आली, "या की! उशीर केलाव. कोप व्हायची हाय अजून, हात लावा."

कोप म्हणजे येळवशीचे देऊळ. कडब्याच्या पाच पेंढ्या उभ्या करून त्यांचे शेंडे वर एकत्र बांधायचे. तोंड उगवतीला ठेवायचे. आत शेणाने सारवायचे आणि चुन्याने रंगवलेले पाच दगड मांडायचे. हे पाच पांडव. शेजारी लक्ष्मी. कोपीवर नवी शाल किंवा लुगडे घालायचे. झाले देऊळ. पांडव वनवासात असे झोपडीत राहिले, त्याची ही आठवण असे काही जण सांगतात. यजमानांचे वडील, ज्यांना सगळे घर आबा म्हणते, त्यांनी वेगळेच सांगितले. "माझ्या पणज्यानं हे रान मोडलं तवा इथं कुंदा आन् हरळीबिगर काय नव्हतं. गावातनं येनंजानं जमंना म्हनून दोन साल कोपीतच राहिला. पांडवाचं मला ठावं नाही. मी पणज्याची कोप म्हनून बांधतो."

ज्याने पहिला नांगर घातला त्याची आठवण म्हणून कोप बांधायची, हा अर्थ आम्ही पहिल्यांदाच ऐकला. पण शेतात बसून विचार केल्यावर तो खरा वाटू लागला. घर बांधण्याआधी, विहीर खणण्याआधी, या काळ्या रानात माणूस आधी कोपीतच राहिला असणार.

पूजा झाली. मग जेवणाआधी चर शिंपायचा. यजमान एका हातात आंबिलीची बिंदगी आणि भज्जी घेऊन पिकातून पुढे निघाले, मागे पोरांची रांग. चारी बांधांवर आंबील शिंपडत फेरी घातली. त्या वेळी जी आरोळी देतात तिचे शब्द कानडी वळणाचे. पोरांना अर्थ कळत नाही, आवाज मात्र शेजारच्या शिवारापर्यंत जातो आणि तिकडूनही उत्तर येते. असे पाच-सहा शिवारांतून आवाज उठले तेव्हा आमच्या शेतकी सहकाऱ्याने टोपी काढून हातात घेतली.

जेवणाचे वर्णन करताना लेखणी आवरावी लागेल. भज्जीत काय नव्हते? तुरीचे, वालाचे आणि हरभऱ्याचे ओले दाणे, मेथी, पालक, चाकवत, चुका, कांद्याची पात, गाजर, चिंच, शेंगदाणे. वरून बेसन लावून घोटलेली. बाजरीचे वाफवलेले उंडे, तिळाची पोळी, धपाटे, वांग्याचे भरीत, गव्हाची खीर आणि द्रोणावर द्रोण आंबील. येणाऱ्या-जाणाऱ्याला बांधावरून हाका चालूच होत्या. "कुठं चाललाव? थांबा की. खाल्ल्याबगर जायचं नाही." मोटारसायकलवरून जाणारा एक औषध-दुकानदार, एक कंडक्टर आणि कोणाच्या ओळखीचे नसलेले दोघे, सगळे एका पंगतीत बसले. कोणी कोणाला जात विचारली नाही.

जेवणानंतर लिंबाच्या फांदीला झोका बांधला. झोक्याचा दोर नायलॉनचा होता. आबांनी तो हाताने चाचपला आणि म्हणाले, "आमच्या येळंला वाखाचा नाडा असायचा. मातंगाचा म्हातारा घायपात कुजवून, धुवून, वाख काढून पीळ द्यायचा. तीन माणसं लागत्यात नाड्याला. हातात धरला की हाताला कळायचं." घरात नाडा, सोल, कासरा, दावे, वेसण, मुसके, शिंके ही सगळी दोरकामाची नावे आबांना तोंडपाठ होती. नातवाला त्यातली दोन येत होती.

संध्याकाळी बोळक्यात दूध ऊन करून ते उतू जाऊ देतात आणि ज्या दिशेला उतू जाईल त्यावरून पुढच्या सालाचा अंदाज बांधतात. दिवस मावळल्यावर पेंढीचा हेंडगा पेटवून शेताभोवती फिरवतात. त्याने इडापिडा टळते असा समज आहे.

कडबा आणायचा कोठून?

आता मुद्द्यावर येतो. कोपीला लागलेल्या पाच पेंढ्या या शेतातल्या होत्या, पण त्या गावात त्या दिवशी बांधलेल्या निम्म्या कोपींचा कडबा विकत आणलेला होता. कारण सरळ आहे. जिथे पाणी आले तिथे ऊस आला आणि ज्वारी बांधाबाहेर गेली.

आमच्या यजमानांच्या घरीही याच गोष्टीवरून बोलाचाली चालू होती, ती जेवणानंतर आमच्या देखतच पुन्हा निघाली. शेतात वीस गुंठे मालदांडी ज्वारी राखलेली आहे. धाकटा मुलगा म्हणाला, "ठिबकची नळी तिथपर्यंत गेलीय. वीस गुंठ्यात वीस टन ऊस निघतोय. जोंधळ्यात काय पडतंय पदरात?" हिशेब त्याचा चुकीचा नव्हता. थोरला गप्प होता.

आबा म्हणाले, "बहात्तरला जोंधळा उगवलाच नाही. मिलो खाल्ली आमी. त्या साली तुराट्याची कोप बांधली तुझ्या आज्यानं. मग कळलं कडबा काय असतंय. आन् सोळा साली लातूरला रेल्वेनं पानी आणलं तवा तुझा ऊस कुठं होता? गोठ्यातली जनावरं जगली ती गंजीवर."

हे आबांचे बोल आहेत, पण आकडे त्यांच्या बाजूने आहेत. १९७२ चा दुष्काळ जुन्या सभासदांनी भोगला आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, ही तर कालची गोष्ट. आमच्या शेतकी सहकाऱ्याने आणखी एक गोष्ट सांगितली, ती सर्वांनी ध्यानात ठेवावी. हंगामात आपण जनावरांना उसाचे वाढे घालतो. वाढ्यात ऑक्झॅलेट असते, ते जनावराच्या अंगातला चुना, म्हणजे कॅल्शियम, बांधून टाकते. नुसत्या वाढ्यावर जनावर ठेवले तर दूध घटते आणि हाडे ठिसूळ होतात. वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडावी आणि जोडीला कडबा द्यावा, अशी शिफारस आहे. म्हणजे कडबा केवळ कोपीपुरता लागत नाही.

आम्ही उसाच्या विरुद्ध लिहितो आहोत असे कोणी समजू नये. कारखाना आपला आहे आणि ऊस त्याचा प्राण आहे. पण सगळे अंडे एका डालीत ठेवू नये, हे घरातली म्हातारी सांगते तेच आम्ही सांगतो.

धाकट्या मुलाने वडिलांना शेवटी विचारले, "मग ठेवू म्हणता?" आबा म्हणाले, "मी काय सांगू, सातबारा तुमच्या नावावर हाय. मला फक्त पाच पेंढ्या पायजेत." त्यावर कोणी काही बोलले नाही. निर्णय त्या दिवशी झाला नाही.

शेजारची कोपी

शेताला लागूनच दुसऱ्या सभासदाचा ऊस होता आणि त्यात तोड चालू होती. टोळीला अमावस्येची सुट्टी नसते. फडाच्या कडेला टोळीच्या कोप्या उभ्या होत्या. वर पाचट, त्यावर प्लॅस्टिकचा कागद, आत तीन दगडांची चूल, बाहेर झोळीत लेकरू.

दुपारी यजमानीणबाईंनी टोळीला जेवायला बोलावले. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशा आठ कोयत्यांची ती टोळी होती. लोक हातपाय धुऊन आले, संकोचून एका बाजूला बसले. बाईंनी त्यांना पंगतीत आणून बसवले. जेवण झाल्यावर टोळीतली एक मावशी कडब्याच्या कोपीपुढे उभी राहिली. तिने पांडवांना हात जोडले, शालीवरून हात फिरवला आणि हसत म्हणाली, "तुमची कोप एका दिसाची बाई. आमची सहा महिन्याची."

तिने ते चेष्टेत म्हटले. पण पंगतीत काही वेळ कोणी बोलले नाही.

आबा ज्या पणज्याची आठवण करून कोप बांधतात, तो ज्या परिस्थितीत राहिला, त्याच परिस्थितीत ही माणसे आज राहतात. थंडी तीच, चूल तीच, विंचू-काट्याचे भय तेच. फरक एवढाच की पणज्याला रान स्वतःचे मिळाले. हे लोक दिवाळीनंतर घर सोडतात, उचल फेडतात आणि पावसाळ्याच्या तोंडाला परत जातात. यातले पुष्कळसे परके नाहीत. बीडचे आहेत तसे आपल्याच भूम, वाशी, कळंब भागातलेही आहेत. त्यांच्या लेकरांसाठी पूर्वी फडावर साखरशाळा चालवण्याचे प्रयत्न झाले. २०२१ साली राज्य शासनाने संत भगवानबाबा वसतिगृह योजना आणली, म्हणजे आई-बाप फडावर असताना मूल गावाजवळ राहून शिकेल. टोळीतल्या किती जणांना ही योजना ठाऊक आहे, हे त्या दिवशी आम्ही विचारले. आठ जोडप्यांत दोघांनी नाव ऐकले होते.

निघताना यजमानीणबाईंनी उरलेली आंबील बिंदगीसकट त्या मावशीला दिली. मावशी म्हणाली, "बिंदगी परत कवा देऊ?" बाई म्हणाल्या, "राहू द्या. पुढच्या येळवशीला नवीच घ्यावी लागती."

गोड आणि कडू

जुने जिणे जपण्याचे उद्योग जगभर चालतात. स्वीडनमध्ये स्टॉकहोम शहरात १८९१ साली स्कान्सेन नावाचे उघड्यावरचे संग्रहालय निघाले. जुनी शेतघरे जशीच्या तशी उचलून तिथे आणली आणि जुने कसब करणारे कारागीर बसवले. अमेरिकेत यूटा राज्यात, १८४७ साली तिथे वसाहत करायला आलेल्या लोकांच्या आठवणीसाठी दर वर्षी २४ जुलैला मोठा उत्सव भरतो. आपल्याकडे कोल्हापूरजवळ कणेरी मठावर जुन्या गावगाड्याचे पुतळ्यांचे संग्रहालय आहे. तिथे सुतार वाकसाने लाकूड तासताना, लोहार ऐरणीवर घण घालताना दिसतो. ही सगळी पाहण्यासारखी ठिकाणे आहेत. आपली येळवस मात्र कोणी मांडून दाखवत नाही. तिला तिकीट नाही, कमान नाही, उद्घाटक नाही. घरचीच माणसे ती करतात आणि घरचीच माणसे पाहतात. म्हणूनच घरच्यांनी सोडली की ती राहणार नाही.

तरी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. जुन्या गावगाड्याचे गोडवे गाताना त्यातला कडूपणा विसरता कामा नये. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा' हे पुस्तक लिहिले, त्यात बलुत्याचा सगळा व्यवहार नोंदवला आहे. कारागिराने वर्षभर राबायचे आणि खळ्यावर कुणब्याने सुपाने घालेल ते घ्यायचे. कसब जातीला बांधलेले, मोबदला दुसऱ्याच्या मर्जीवर. दया पवार यांचे 'बलुतं' १९७८ साली आले तेव्हा त्या व्यवस्थेत खालच्या पायरीवर जगणाऱ्याला काय भोगावे लागले, हे साऱ्या महाराष्ट्राला वाचायला मिळाले. तेव्हा कुंभाराचे, बुरडाचे, मातंगाचे कसब टिकावे असे आपण म्हणतो ते जातीचे जोखड टिकावे म्हणून नव्हे. कसबाला रोख दाम मिळावा, ते ज्याला हवे त्याने शिकावे आणि ज्याला नको त्याने मानाने सोडावे.

आपल्या हातात काय आहे

सभासदांनी पुढील गोष्टी मनावर घ्याव्यात अशी आमची विनंती आहे.

पहिली गोष्ट आंतरपिकाची. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पूर्वहंगामी लागण करणाऱ्यांनी सरीच्या बगलेला हरभरा घ्यावा. ऊस लहान असेपर्यंत तो निघून येतो, जमिनीला नत्र देतो आणि येळवशीच्या भज्जीला दाणेही घरचे होतात. शक्य असेल त्याने दहा-वीस गुंठे ज्वारीला राखावेत.

दुसरी गोष्ट पाचटाची. कोपीला पेंढी म्हणून पाचट चालत नसले तरी जमिनीला ते सोन्यासारखे आहे. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघते. त्यात अर्धा टक्का नत्र, ०.२ टक्के स्फुरद आणि ०.७ ते १ टक्का पालाश असतो. हेंडगा येळवशीचा एकच पुरे. अख्ख्या फडाला काडी लावू नये, पाचट सरीत कुजवावे.

तिसरी गोष्ट कारागिरांची. बिंदगी, दुरडी, सूप हे आठ दिवस आधी न मागता दोन महिने आधी सांगावे आणि निम्मे पैसे आधी द्यावेत. गावातल्या पंधरा-वीस घरांनी मिळून मागणी नोंदवली तर कुंभाराला एक आवा केवळ त्यासाठी लावता येईल. तलावाचा गाळ काढताना कुंभाराच्या वाट्याची एक-दोन ट्रॉली माती बाजूला टाकावी, त्याला खर्च काही नाही. १७ सप्टेंबर २०२३ ला केंद्र शासनाची पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्यात १८ कारागिरांचे धंदे घेतले आहेत. त्यात कुंभार, सुतार, लोहार, चर्मकार आणि टोपली-चटई-केरसुणी करणारे येतात. प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख व नंतर २ लाख रुपयांचे कर्ज अशी तिची रचना आहे. नोंदणी गावच्या सेवा केंद्रात होते आणि ग्रामपंचायत पडताळणी करते. आपल्या गावातल्या कारागिराला कागदपत्रे जमवायला शिकल्या-सवरल्या पोरांनी मदत करावी.

चौथी गोष्ट सर्वांत सोपी आणि आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. येळवशीला आपण वाटसरूला हाक मारून जेवू घालतो. ज्याच्या फडात त्या दिवशी तोड असेल त्याने टोळीला अर्ध्या दिवसाची सवड द्यावी आणि पंगतीत बसवावे. जेवताना लेकरे कोणत्या शाळेत आहेत, वसतिगृहाचा अर्ज भरला का, कोपीवर कागद पुरेसा आहे का, पाण्याचा टँकर येतो का, एवढे विचारावे. जे कमी असेल ते त्याच दिवशी गट ऑफिसला कळवावे.

पुढच्या येळवशीला ज्या ज्या सभासदांकडे कडब्याची कोप उभी राहील त्यांनी गट ऑफिसात एवढे दोन शब्द लिहून द्यावेत : कडबा घरचा की विकतचा, आणि बिंदगी कोणत्या गावच्या कुंभाराची. गावोगावची ही यादी आम्ही याच पानावर छापू. कोणाकडे काय शिल्लक आहे हे एकदा कळले, म्हणजे कोणाला कोठून काय मागवायचे हेही कळेल.